एक नट, आठ चेहरे आणि प्राध्यापक गोडबोले

प्रश्न : मुलाच्या आग्रहाखातर ‘स्टार वॉर्स’ पाहिला. त्यातल्या पांढऱ्या दाढीच्या गुरूचं, ओबी-वॅन केनोबीचं काम करणारे अ‍ॅलेक गिनेस म्हणजेच ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मधले ताठ कण्याचे कर्नल, हे श्रेयनामावली वाचल्यावरच कळलं. कॉलेजात असताना ‘अ पॅसेज टू इंडिया’ पाहिला होता. त्यातले प्राध्यापक गोडबोलेही तेच होते म्हणे! तीन चित्रपट पाहूनही हा माणूस मला एकदाही ओळखता आला नाही. ही रंगभूषेची किमया की आणखी कशाची? आणि गोडबोल्यांच्या कामाला इंग्रज नट कशाला लागला? शिवाय ‘स्टार वॉर्स’चा त्यांना तिटकारा होता असं मुलगा सांगतो, ते खरं का?

उत्तर : तुम्हाला ते ओळखू आले नाहीत यात तुमच्या नजरेचा दोष नाही. गिनेस पडद्यावर नव्हते तेव्हाही लोक त्यांना ओळखत नसत. रस्त्यात, हॉटेलात, आगगाडीच्या डब्यात हा माणूस सहज गर्दीत मिसळून जायचा. गोल, गुळगुळीत, पटकन लक्षात न राहणारा चेहरा, विरळ केस, मऊ आवाज. बहुतेक नटांना अशा चेहऱ्याची खंत वाटली असती. गिनेसनी त्यावरच पन्नासहून अधिक वर्षांची कारकीर्द उभी केली.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. टोप, नकली नाकं, दात, दाढ्या त्यांनी भरपूर वापरल्या. तरी त्यांच्या ओळखू न येण्याचं खरं कारण रंगभूषेच्या पेटीत नाही. माणूस चालतो कसा, थांबतो कसा, ऐकताना हातांचं काय करतो, हे त्यांनी आयुष्यभर निरखलं. जिथे हे निरखणं पक्कं होतं तिथे त्यांना रंगाची गरज लागली नाही, आणि जिथे ते कच्चं राहिलं तिथे कितीही रंग लावला तरी काम उभं राहिलं नाही. त्यांची कामं ओळीनं पाहिली की हे स्पष्ट दिसतं.

त्यांचा जन्म २ एप्रिल १९१४ चा, लंडनच्या मेडा व्हेल भागातला. आईचं नाव अ‍ॅग्नेस कफ. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी होती आणि वडील कोण हे त्यांना अखेरपर्यंत खात्रीनं कळलं नाही. आई एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून बसली, तेव्हा मुलाला स्टिव्हन हे सावत्र बापाचं आडनाव मिळालं. तो संसार टिकला नाही. भाड्याच्या खोल्या बदलत, देणी चुकवत मायलेक दिवस काढत होते. पुढे मुलाला वसतिगृहाच्या शाळांत ठेवलं गेलं. चौदाव्या वर्षापर्यंत आपली तीन आडनावं होऊन गेली होती, असं त्यांनी १९८५ साली आलेल्या ‘ब्लेसिंग्ज इन डिसगाइज’ या आत्मचरित्रात लिहिलं आहे. कुठल्याही घराला, नावाला आपलं म्हणता न येणारा मुलगा इतरांकडे टक लावून पाहायला शिकतो. माझ्या मते त्यांच्या अभिनयाची तालीम तिथेच सुरू झाली.

शाळा संपल्यावर त्यांनी लंडनच्या एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी धरली. ओढ मात्र रंगभूमीची. ओळखपाळख नसताना त्यांनी थेट जॉन गीलगुडना फोन केला. गीलगुड तेव्हा तिशीच्या आतले, पण लंडनच्या रंगभूमीवर त्यांचं नाव दुमदुमत होतं. त्यांनी अभिनेत्री मार्टिटा हंट यांच्याकडे शिकायला जाण्याचा सल्ला दिला. थोड्याच शिकवण्यांनंतर हंटबाईंनी, तुमच्याकडून हे व्हायचं नाही, असं सांगितलं. गिनेसनी तरी नाद सोडला नाही. फे कॉम्प्टन यांच्या नाट्यशाळेत शिष्यवृत्ती मिळवली आणि १९३४ मध्ये रंगमंचावर पाऊल ठेवलं. त्याच वर्षी एका नाटकात चिनी हमाल, फ्रेंच चाचा आणि ब्रिटिश खलाशी अशी तीन कामं त्यांनी एकट्यानं केली. वर्षअखेरीस गीलगुडनी आपल्या ‘हॅम्लेट’मध्ये त्यांना ऑस्रिक या खुशमस्कऱ्या दरबाऱ्याची भूमिका दिली.

पुढची वर्षं लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात आणि गीलगुडच्या कंपनीत गेली. १९३८ साली दिग्दर्शक टायरोन गथ्री यांनी ओल्ड व्हिकमध्ये आधुनिक वेशातला, एकही ओळ न कापलेला ‘हॅम्लेट’ बसवला आणि नायकाच्या कामाला चोविशीतल्या गिनेसना घेतलं. त्याच वर्षी मेरुला सलामन या अभिनेत्रीशी त्यांचं लग्न झालं आणि तो संसार बासष्ट वर्षं टिकला. १९३९ मध्ये डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चं नाट्यरूपांतर त्यांनी स्वतः केलं आणि त्यात हर्बर्ट पॉकेटची भूमिका वठवली. त्यातली मिस हॅविशॅम साकारली ती मार्टिटा हंट यांनीच. तो प्रयोग पाहायला डेव्हिड लीन हे चित्रपट संकलक आले होते. या एका प्रयोगातून पुढच्या सहा चित्रपटांची जोडी जमली.

मध्ये युद्ध आलं. १९४१ मध्ये गिनेस नौदलात साधे खलाशी म्हणून भरती झाले, पुढे अधिकारी झाले आणि १९४३ च्या जुलैत सिसिलीवरच्या चढाईत सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एका बोटीचे ते कप्तान होते. परतल्यावर लीननी त्यांना १९४६ च्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये पुन्हा हर्बर्ट पॉकेट दिला. दोन वर्षांनी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ आला. हा हसरा तरुण चोरांचा ज्यू म्होरक्या फेगिन कसा होणार, अशी लीनना शंका होती. गिनेसनी चाचणीची संधी मागितली आणि पूर्ण रंगभूषा करूनच कॅमेऱ्यासमोर आले. लीननी लगेच होकार दिला.

मात्र रंगानं केलेला पहिला मोठा घात तो हाच. रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी मूळ कादंबरीतल्या क्रुइकशँकच्या चित्रांवरून फेगिनचं प्रचंड नाक घडवलं होतं. हिटलरच्या छळछावण्या उघड होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. ज्यू माणसाचं तेच विद्रूप चित्र पडद्यावर पाहून १९४९ मध्ये बर्लिनमध्ये निदर्शनं झाली. अमेरिकेत तो चित्रपट अडकून पडला आणि कापाकापी करून १९५१ मध्ये दाखवला गेला. अभिनय म्हणून ते काम थक्क करणारं आहे, पण ज्यांचं सोंग काढलं त्यांची जखम ओली होती. निदर्शकांचा राग मला रास्त वाटतो.

आता तुमच्या पत्रात नसलेला, पण या विषयात टाळता न येणारा चित्रपट. ईलिंग स्टुडिओचा ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’, साल १९४९, दिग्दर्शक रॉबर्ट हेमर. सरदारकी मिळावी म्हणून एक तरुण वाटेत येणाऱ्या डॅस्कॉयन घराण्यातल्या वारसांना एकेक करून संपवतो, अशी ही काळी विनोदी गोष्ट. गिनेसना त्यात चार भूमिका देऊ केल्या होत्या. संहिता वाचून त्यांनी विचारलं, चारच का, आठही का नाहीत? मग बँकर, पाद्री, सेनापती, आरमाराचा प्रमुख, ड्यूक, दोन तरुण आणि मताधिकारासाठी लढणारी लेडी अगाथा, अशी आठही कामं त्यांनीच केली.

चर्चमधल्या एका दृश्यात या आठांपैकी सहा जण एकाच वेळी दिसतात. संगणकाचा जमाना यायला अजून कित्येक वर्षं होती. छायालेखक डग्लस स्लोकोम यांनी कॅमेरा जागच्या जागी घट्ट बांधला. भिंगाचा बराचसा भाग झाकायचा आणि उघड्या भागात गिनेसना एका वेशात बसवून चित्रण करायचं. मग फिल्म मागे गुंडाळायची, ते वेश बदलून दुसऱ्या बाकावर बसले की भिंगाचा दुसरा भाग उघडायचा. कॅमेरा केसभर हलला असता तरी सगळं वाया गेलं असतं. पण तंत्राइतकंच महत्त्वाचं आहे ते त्या सहा जणांचं वावरणं. व्यासपीठावरचा पाद्री विरघळल्यासारखा असतो, सेनापतीची छाती त्याच्याआधी पुढे येते, लेडी अगाथाची हनुवटी कायम वर. चेहरे झाकले तरी कोण कोण आहे ते सांगता येईल. यातल्या काहींना पडद्यावर फार थोडा वेळ मिळतो, पण ती माणसं आपापलं आयुष्य घेऊन येतात.

पात्र कसं चालतं हे सापडल्याशिवाय ते आपल्या हाती लागत नाही, असं गिनेस सांगत. याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तुम्ही पाहिलेला ‘क्वाय’. लीननी तो तेव्हाच्या सिलोनमध्ये, आजच्या श्रीलंकेत चित्रित केला आणि १९५७ मध्ये तो प्रदर्शित झाला. जपान्यांच्या कैदेतले कर्नल निकल्सन आपल्या अधिकाऱ्यांना हमाली करू देणार नाहीत म्हणून हटून बसतात. जपानी कमांडर त्यांना पत्र्याच्या तापलेल्या खोपटात कोंडतो. कित्येक दिवसांनी दार उघडतं आणि मैदान ओलांडून ते त्याच्या खोलीकडे चालत जातात. पाय आवरत नाहीत, गुडघे भलतीकडेच वळतात, पण पाठ वाकत नाही आणि मान खाली जात नाही.

ही चाल आली कुठून? काही वर्षांपूर्वी गिनेस यांचा अकरा वर्षांचा मुलगा मॅथ्यू पोलिओनं अंथरुणाला खिळला होता. त्यातून उठून पुन्हा चालायला लागल्यावर त्याची पावलं पडत तशी पावलं बापानं कर्नलला दिली. आपल्या पोराच्या यातनांचा नटानं असा उपयोग करावा का, असं कुणी विचारेल. मला त्यात उपयोगापेक्षा प्रेम जास्त दिसतं. पडायला आलेला देह आणि न पडण्याची जिद्द यांचा झगडा त्यांनी घरातच डोळ्यांत साठवला होता. म्हणूनच त्या चालीत एक क्षणही खोटा नाही. आयुष्यातलं आपलं उत्तम काम कोणतं, तर हे, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. १९५८ साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर त्यांना मिळालं, १९५९ मध्ये नाइटहूड.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ‘फादर ब्राउन’ या १९५४ च्या चित्रपटासाठी ते फ्रान्समधल्या बर्गंडीत होते. एका संध्याकाळी पाद्र्याचा काळा झगा न उतरवताच मुक्कामाकडे निघाले असताना एक अनोळखी लहान मुलगा धावत आला, त्यांचा हात धरून बडबड करत बराच वेळ चालला आणि मग निरोप घेऊन निघून गेला. झग्यातला माणूस नट आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. ज्या धर्माच्या वेशावर मूल इतका विश्वास टाकतं, त्या धर्माबद्दलचा आपला संशय त्या वाटेवर विरला, असं गिनेसनी लिहिलं आहे. पुढे मॅथ्यूच्या आजारात ते रोज घरी जाताना एका कॅथलिक चर्चमध्ये शिरून प्रार्थना करत. १९५६ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला आणि अखेरपर्यंत निष्ठेनं पाळला.

निरीक्षणाचा दुसरा दाखला दूरचित्रवाणीवरचा. १९७९ मध्ये बीबीसीनं जॉन ल कारे यांच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’वर सात भागांची मालिका केली. तिचा नायक जॉर्ज स्मायली हा गुप्तहेर खात्यातला निवृत्त अधिकारी. पुस्तकातला स्मायली बुटका आणि गोलमटोल. आपण तसे नाही, अशी शंका गिनेसनी लेखकाला पत्रानं कळवली होती. खरा हेर पाहायला मिळावा म्हणून ल कारेंनी मॉरिस ओल्डफील्ड या ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या माजी प्रमुखांशी त्यांची जेवणावर गाठ घालून दिली. जेवण होईपर्यंत गिनेसनी त्यांची शर्टाच्या बाह्यांची बटणं, छत्री, ग्लासच्या काठावरून बोट फिरवण्याची लकब, सगळं टिपलं.

मालिकेत गिनेसच्या चेहऱ्यावर जाड चष्म्याखेरीज जवळजवळ काही नाही. ते फार बोलतही नाहीत. समोरचा खोटं बोलत असतो आणि स्मायली चष्मा पुसत ऐकत असतो, एवढंच घडतं, आणि आपण श्वास रोखून बसतो. या भूमिकेनं आणि १९८२ च्या ‘स्मायलीज पीपल’नं त्यांना बाफ्टा पारितोषिकं मिळवून दिली. पुढे स्मायली लिहिताना आपल्याला गिनेसच दिसू लागले, असं खुद्द ल कारे सांगत.

आता गोडबोल्यांकडे वळू. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या कादंबरीतले नारायण गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण. हे पात्र त्यांना सुचलं त्यामागे आपल्याच मुलखाशी जोडलेला अनुभव आहे. १९२१ साली फॉर्स्टर देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्या मराठी दरबारात त्यांनी गोकुळाष्टमीचा उत्सव आणि भजनाची रात्र पाहिली. कादंबरीच्या शेवटच्या भागात गोडबोले टाळ वाजवत भजन करतात तेव्हा ओठांवर तुकारामाचं नाव आहे. एका इंग्रज लेखकानं वारकरी भक्तीच्या इतक्या जवळ जाणं ही मोठी गोष्ट आहे.

लीननी १९८४ मध्ये चित्रपट केला तेव्हा व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ असे भारतीय नट महत्त्वाच्या भूमिकांत घेतले आणि गोडबोले मात्र गिनेसना दिले. कारण उघड आहे. चाळीस वर्षांची सवय. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त ते अरब राजपुत्र फैसल झाले होते आणि १९६१ च्या एका अमेरिकी चित्रपटात जपानी उद्योगपतीसुद्धा. गोऱ्या नटानं रंग फासून कुणीही व्हावं हा त्या पिढीचा शिरस्ता होता. गोडबोले म्हणून ते परके, थोडे हास्यास्पद दिसतात. त्यांनी मेहनतीनं बसवलेलं नृत्य लीननी संकलनात कापून टाकलं आणि दोघांच्या जुन्या संबंधांत कडवटपणा आला.

मला स्वच्छ सांगायला हवं, ही निवड चुकीची होती. त्याआधी दोनच वर्षं ‘गांधी’मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी गोपाळ कृष्ण गोखले उभे केले होते, रोहिणी हट्टंगडींनी कस्तुरबा साकारून बाफ्टा मिळवलं होतं. गोडबोले शोधायला लंडनला जाण्याचं कारणच नव्हतं. गिनेसचं कसब तेच होतं, पण निरखलेली माणसं नव्हती. भजनात रंगलेला मराठी माणूस त्यांनी मॅथ्यूसारखा किंवा ओल्डफील्डसारखा जवळून पाहिला नव्हता, आणि ती उणीव टिळा आणि पगडी भरून काढू शकली नाही.

राहिला ‘स्टार वॉर्स’. तुमचा मुलगा म्हणतो ते बरंचसं खरं आहे. चित्रण चालू असताना गिनेसनी एका स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रांत संवादांबद्दल तक्रार केली आहे. मानधनाबरोबर त्यांनी नफ्यातला सुमारे सव्वादोन टक्के वाटा ठरवून घेतला होता. १९७७ मध्ये चित्रपटानं जगभर धो धो पैसा कमावला आणि त्यांना उतारवयाची ददात उरली नाही. पण लोक चाळीस वर्षांची रंगभूमी विसरून फक्त केनोबीची पत्रं पाठवू लागले, याचं त्यांना दुःख होतं. एका मुलानं आपण हा चित्रपट शंभराहून जास्त वेळा पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याच्याकडून तो पुन्हा न पाहण्याचं वचन मागितलं. मुलाला रडू कोसळलं. हा प्रसंग त्यांनी स्वतःच १९९९ च्या पुस्तकात नोंदवला आहे.

तरीही कामात त्यांनी कसूर केलेली नाही. लेसरच्या तलवारी आणि यंत्रमानवांच्या गर्दीत हा एकच माणूस आपण सांगतो त्यावर विश्वास ठेवून बोलतो, आणि म्हणून आपणही विश्वास ठेवतो. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन त्यांना त्यासाठी मिळालं. योगायोग असा की त्या चित्रपटाचे रंगभूषाकारही स्टुअर्ट फ्रीबॉर्नच होते. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’नंतर जवळजवळ तीस वर्षांनी या वेळी गिनेसना फक्त स्वतःची वाटावी अशी दाढी पुरली.

त्यांची रंगभूमीवरची कारकीर्द सरळ चढती नव्हती. १९५१ चा त्यांचा दुसरा ‘हॅम्लेट’ पहिल्याच रात्री आपटला. पण १९५३ मध्ये कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डला तंबूत भरलेल्या पहिल्या शेक्सपिअर महोत्सवाचा पडदा त्यांच्या तिसऱ्या रिचर्डनं उघडला आणि तो महोत्सव आजही चालू आहे. कवी डिलन टॉमसच्या भूमिकेनं १९६४ मध्ये त्यांना ब्रॉडवेचं टोनी पारितोषिक मिळवून दिलं. शेवटचं नाटक ‘अ वॉक इन द वुड्स’. त्यानंतर हॅम्पशरमधल्या घरी लेखन, वाचन, बागकाम. ५ ऑगस्ट २००० रोजी यकृताच्या कर्करोगानं ते गेले आणि अडीच महिन्यांत मेरुलाही गेल्या.

मुलगा केनोबीवर इतका खूश असेल तर त्याला शेजारी बसवून तीन गोष्टी या क्रमानं दाखवा. आधी ‘काइंड हार्ट्स’मधलं चर्चचं दृश्य, मग ‘क्वाय’मधली खोपटातून बाहेर पडतानाची चाल, आणि शेवटी ‘टिंकर टेलर’चे सातही भाग. चाल पाहताना आवाज बंद ठेवलात तरी चालेल. गोडबोल्यांची खरी ओळख हवी असेल तर फॉर्स्टरची कादंबरीच वाचा, तिचा शेवटचा भाग मराठी वाचकाला फार जवळचा वाटेल. ‘स्टार वॉर्स’ पुन्हा पाहायला काहीच हरकत नाही, पण एवढ्या मोठ्या नटाची ओळख त्या एका दाढीवर थांबू देऊ नका.